कालवणाचा खर्च

दादाच्या दुबईतल्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज मी काढला होता. घरात बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच, त्यामुळे कागद-पेन लागेल असं कुठलंही काम माझ्याकडे यायचं. वडील मी सातवीत असताना गेले. त्यानंतर आई, दादा आणि मी, असे तिघेच होतो. मुरबाडहून सरळगावच्या रस्त्याला लागलं की आमच्या गावाचा फाटा येतो. दोन एकर भातशेती आणि दादाचा वेल्डिंगचा पगार, यावर घर चालायचं. तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, आणि त्याच उन्हाळ्यात मला कल्याणच्या एका विनाअनुदानित कॉलेजात डी.एड.ला प्रवेश मिळाला. फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. मी आईला सांगून टाकलं होतं की मी जात नाही. दादाने ते ऐकलं आणि आठवडाभरात पासपोर्टचा फॉर्म घेऊन आला.

पगार सहाशे दिरहम ठरला. राहायला कंपनीची खोली, जेवण ज्याचं त्याने करायचं. तेव्हा दिरहमला साधारण दहा रुपये धरत. माझी फी, वसतिगृह आणि घरी आईला थोडे, असं सगळं मांडलं की महिन्याला चार हजार रुपये लागत होते. म्हणजे चारशे दिरहम घरी यायला हवे होते. मग दोनशेत दादाचं भागतं का, एवढंच पाहायचं होतं.

हे मी आज इतकं स्वच्छ लिहिते. तेव्हा मी असं म्हणत नव्हते. तेव्हा मी म्हणत होते की आपण दादाला किती खर्च येईल ते काढतो आहोत.

सापगावात आईच्या माहेरच्या नात्यातले एक काका होते. अकरा वर्षं तिकडे एका अरबाच्या घरी ड्रायव्हर होते आणि नुकतेच कायमचे परत आले होते. दादा आणि मी एका रविवारी त्यांच्याकडे गेलो. मी वहीची मागची पानं रेघा मारून तयार ठेवली होती. काका ओटीवर बसून दाढी करत होते. तशीच अर्धी दाढी ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"लिव गो बाय. फोनचं कार्ड आनि पत्रं, तीस धर. साबन, तेल, पंधरा. केस कापायला दहा. पन त्याला सांग, दोन महिन्यातनं एकदा काप. तिथं कोन बघतंय तुला?"

"तुमाला तरी कोन बघत होतं?" आतून काकू म्हणाल्या. "जाताना डोकीभर केस होते. आले ते असे."

"उन्हानं गेले ते."

"व्हय, उन्हानं. आनि पोट सावलीनं सुटलं."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी वही सावरून विचारलं, "आणि काका, जेवणाचं?"

"कालवनाला नव्वद धर. डाळ हाय, कांदे-बटाटे हायेत, मासळी तर आपल्याकडच्यापेक्षा सस्ती. गॅस सगळ्यांत मिळून, तुझ्या वाटचे वीस."

मी लिहिलं : कालवण, नव्वद.

आमच्याकडे "काय जेवलास?" असं विचारलं तर माणूस कालवणाचं नाव सांगतो. वाल, सुकट, आंबट वरण. त्याखाली ताटात भात असतो हे कोणी सांगत नाही, कारण तो असतोच. कणगीत भरलेलं भात दिवाळीनंतर लागेल तसं भरडून आणायचं. शेजारी कोणाला नड असली तर पायलीभर काढून द्यायचं. कल्याणला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसाला दर महिन्याला घरून पिशवी जायची. दुकानातून तांदूळ आणणं हे वाईट दिवसांचं लक्षण. कोणाच्या घरी ते आणले गेले तर गावात हळू आवाजात बोलत. त्यामुळे घरखर्च म्हणजे कालवणाचा खर्च. मीठ, मिरची, तेल, डाळ. आईला महिन्याचा खर्च विचारला असता तर तिने एवढंच सांगितलं असतं. काकाही आमच्यासारख्याच घरातले. शिवाय अकरा वर्षं त्यांना मालकाच्या मुदपाकखान्यातून भात मिळत होता. पैसे मोजून तांदूळ घ्यायची वेळ त्यांच्यावर तिथेही आली नव्हती. त्यांनी सांगितले नाहीत, मी विचारले नाहीत, दादाच्याही लक्षात आलं नाही. आणि पाणी? "पानी कंपनीचं," काका म्हणाले आणि आरशाकडे वळले.

घरी येऊन मी बेरीज केली. दोनशे चाळीस झाले. मग औषधाचे वीस होते ते दहा केले. केसांचे काकांच्या सांगण्याप्रमाणे पाच केले. बसचे पंधराचे दहा केले, कारण कामावर कंपनीची गाडी नेणारच होती. शेवटी सण-सुदीसाठी, अडीअडचणीसाठी म्हणून "इतर" असा रकाना होता, तोही वीसवर आणून ठेवला. बरोबर दोनशे. मी दादाला वही दाखवली. त्याने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "बस की. मी काय राजा हाय का?"

जायच्या दोन दिवस आधी आई तांदूळ मोजायला बसली. पायली भरायची, हाताने सपाट करायची, पिशवीत ओतायची. तिसऱ्या पायलीला दादाने तिचा हात धरला.

"आये, वीस किलोच्या वर घेत नाय विमानात. कपडे नको का न्यायला?"

"कपडं तिथं मिळतील."

"तांदूळ पन मिळतात गो तिथं."

"विकत?" आई म्हणाली. तिच्या आवाजात एवढं आश्चर्य होतं की मी वाचत असलेलं पुस्तक खाली ठेवलं.

तेव्हा मला कळलं. मी उठून वही आणली आणि पुन्हा पाहिली. तांदूळ कुठेच नव्हते. महिन्याला पंधरा किलो तरी तो खाणार. तिथला भाव आम्हाला ठाऊक नव्हता, पण फुकट तर नसणार. अंगणात तो दोरीवरचे कपडे काढत होता, तिथे मी गेले.

"दादा, तांदूळ धरलेच नाहीत आपण."

त्याने वही घेतली. थोडा वेळ पाहत राहिला. मीही पाहत होते. कमी करण्यासारखी एकच ओळ त्या पानावर उरली होती, सगळ्यात खालची : घरी, चारशे.

"इतरमधून निघतील," तो म्हणाला.

"वीसच आहेत इतर."

"निघतील गो. कालवन थोडं कमी खाईन."

कॉलेजची पहिली फी भरायला सोळा दिवस उरले होते. माझ्या हातात पेन होतं. तांदूळ लिहून खालच्या चारशेचे साडेतीनशे करायला मला एक मिनिट लागलं असतं. मी पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर दर महिन्याला चार हजार रुपये आले. कधी दहा तारखेला, कधी पंधराला, पण चार हजारच. कधी तीन हजार नऊशे नाहीत. पत्रात सगळं ठीक असायचं. खोलीत आठ जण आहेत, एक पोऱ्या आपल्या कल्याणच्या खाडीपलीकडचाच आहे, ऊन फार, मशिदीच्या भिंतीवर कबुतरं आपल्यासारखीच, तू अभ्यास कर. पहिल्या वर्षी एक फोटो आला. आईने तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, "वाळला." मी म्हटलं, "ऊन असतं तिकडे." मी तेव्हा कॉलेजात गणिताचं अध्यापन शिकत होते. मुलांना अंदाज करायला कसं शिकवावं, यावर मी एक पाठही घेतला होता. अंदाज कधी नेमका उतरत नाही, दहा-वीस इकडे-तिकडे होतातच, असं मी फळ्यासमोर उभी राहून सांगितलं. चोवीस महिने माझा अंदाज एका दिरहमानेही चुकला नाही, याचं मला नवल वाटलं नाही.

मला नोकरी लागली तेव्हा शाळा मिळाली ती उंबरमाळीच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावर. त्याच वर्षी मी दादाला लिहिलं की आता पुरे, ये. तो आणखी एक वर्ष थांबून आला. माझ्या लग्नाचं म्हणत होता. आला तेव्हा पाय सुजलेले होते. प्रवासाने असेल, असं आम्ही म्हणालो. सूज उतरली नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, उन्हात काम होतं का, पाणी किती पीत होता, खाणंपिणं कसं होतं. दादा म्हणाला, बरं होतं. डॉक्टर मला बाहेर म्हणाले की अशा आजाराचं एकच कारण सांगता येत नाही. ते भले गृहस्थ होते. मी ते वाक्य पुष्कळ दिवस वापरलं.

पुढची तीन वर्षं मी शनिवारी शाळा सुटली की शहापूरला उतरायची आणि किन्हवलीवरून जाणारी एसटी धरून घरी यायची. दादा ओटीवर पडलेला असायचा. मी त्याला वाचून दाखवायची. त्याला प्रवासवर्णनं आवडायची, दुबई सोडून कुठलीही.

अशाच एका रविवारी त्याच्या खोलीतला तो खाडीपलीकडचा मित्र भेटायला आला. सुट्टीवर आला होता. चांगला गडगडाट करून बोलणारा माणूस. आईने जेवायला वाढलं तसा तो दादाकडे पाहून हसला.

"काय शुक्रवारशेट, आज वार कुठला?"

"गप रे," दादा म्हणाला.

"शुक्रवारशेट कोण?" मी विचारलं.

"हाच की! आमी सगळ्यांनी नाव ठेवलेलं. आठवड्यातनं एकदा भात खायचा, शुक्रवारी. बाकी दिवस खुबूस. म्हंजे त्यांची रोटी हो. सकाळी अर्धी, रात्री अर्धी, संगं कांदा. तिथं सगळ्याचेच भाव गावात ऐकल्याच्या दुप्पट निघालेले. आमी म्हनायचो, अरे शिजतंय त्यात बस की. तर म्हनायचा, माज्या वाटनीचं नाय त्यात. पान्याचा कॅन आमी सगळे वर्गनी काढून घ्यायचो, हा नळाचं प्यायचा. खारट कढत पानी. लय मानी मानूस तुमचा भाऊ."

आई वाढता वाढता थांबली. दादा भिंतीकडे पाहत होता. मित्राला वाटलं आपलं काही चुकलं, त्याने लगेच शारजातल्या क्रिकेटचं काहीतरी काढलं आणि जेवून उठेपर्यंत तेच बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. आई रानात गेल्यावर दादाच्या उशाशी बसले. त्याला आता मोजूनच पाणी द्यायचं होतं, दिवसाला इतकेच पेले, त्यातला एक मी त्याच्या हातात दिला. तो घोट घोट पीत होता. मी विचारलं, "का नाही लिहिलंस?"

"काय लिवायचं?"

"की पुरत नाही. तांदूळ, पाणी. एक ओळ."

त्याने पेला खाली ठेवला. चिडला नव्हता. समजूत काढावी तसं म्हणाला, "लिवलं असतं तर तू कॉलेज सोडलं असतंस."

मला माझ्या हातातलं टोपण लावलेलं पेन आठवलं. तो मान वळवून माझ्याकडे पाहत होता. त्याला उत्तर हवं होतं असं नाही. त्याला ते ठाऊक होतं, पाच-सहा वर्षं तो त्याच उत्तरावर जगला होता.

"हो," मी म्हटलं. "सोडलं असतं."

"मग?" तो म्हणाला, आणि जिंकल्यासारखा हसला.

अकरा आठवड्यांनी तो गेला. "सोडलं असतं" म्हणाले तेव्हा मी त्याच्याशी खरं बोलले की खोटं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. मला ते अजून माहीत नाही.