बाबांच्या बेंजोचं तुटकं बटण

माझे बाबा हिंगणघाटला गिरणीत कामाला होते आणि उरलेल्या वेळात बेंजो वाजवायचे. आई हे उलटं सांगायची. सत्तरच्या दशकात आमच्या वस्तीतली भीमजयंती असो की गिरडच्या उरुसातली कव्वाली, पार्टीतले गायक बदलत, बेंजोवर मात्र बाबाच.

बेंजोत तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असतात; बाबांच्या बेंजोचं त्यातलं एक तुटलेलं होतं. गिरडहून परतताना तो एसटीच्या टपावरून पडला, तेव्हापासून. दुरुस्तीचा कंटाळा हा आमचा घरगुती गुण. बाबांनी अलीकडचं बटण दाबून तार बोटानं ढकलायची युक्ती काढली. त्यामुळे तिथला सूर सरळ न येता जरा रेंगाळत, लाडात आल्यासारखा यायचा. लोक त्यावरच फिदा! मग त्यांच्याकडे शिकणारेही तसंच वाजवू लागले. त्यांचे बेंजो कोरे करकरीत, सगळी बटणं शाबूत, तरी तेवढं बटण सोडून तार ढकलायची. नागपूरच्या एका वादकानं विचारलंही, "तुमच्या गावाचं ह्या बटनाशी भांडन हाये काय?"

ऐंशीनंतर बाबा गेले. त्यांचा सगळ्यात जुना शिष्य बेंजो मागायला आला.

"काकू, कार्यक्रमात वाजवतो. नाव राहीन त्यायचं."

"नाव राहू दे, अन् बेंजो बी घरीच राहू दे," आई म्हणाली आणि तिनं तो लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं.

तो पुन्हा आला, पुन्हा रिकाम्या हातानं गेला. मी हिंगणीला सासरी. माहेरी आले की मी आईला म्हणायची, अगं, तारा गंजतील. मग ती माझ्याशीही धड बोलेना. मला रागही यायचा आणि तिची कीवही यायची.

वर्षानं वस्तीतल्याच विहारापुढं बाबांच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला. आई येईना. मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. आधी भाषणं झाली, त्यात बाबांचे असे गुण कळले की तेसुद्धा चकित झाले असते. आई तोंड पाडून बायकांत बसलेली. मग तो शिष्य स्वतःचा बेंजो घेऊन बसला. गाणं रंगात आलं आणि नेमक्या जागी त्यानं चांगलं बटण सोडून तार ढकलली.

आईनं माझा हात घट्ट धरला. "हे तं तुहे बाबाच वाजवून राह्यले," ती म्हणाली आणि रडायला लागली. वर्षभरात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मग ती उठून चालू लागली. मला वाटलं, झालं, बिनसलं. पण थोड्या वेळानं ती परत आली ती बेंजो पदरात धरून. गाणं संपेपर्यंत उभी राहिली आणि मग तो शिष्याच्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जाय," ती म्हणाली. "वर्षभर म्या त्यायलेच पेटीत कोंडून ठेवलं."