उघडं दार आणि उशाशी दिवा

मी वारले त्या दिवशी बुधवार होता आणि रात्री मटकीची उसळ करायची होती. मटकीला मोडही छान आले होते. (हे मुद्दाम सांगतेय. पुढे त्या मटकीचं जे झालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.)

पण आधी माझ्या हृदयाबद्दल. नव्वदच्या आसपास आम्ही लालबागच्या चाळीतली खोली सोडून मीरा रोडला फ्लॅट घेतला. चौथा मजला. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. स्वतःचा संडास, स्वतःची गॅलरी, घरात आम्ही दोघंच, आणि दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. लोक याला सुख म्हणतात. मीही म्हणत होते. मग एका दुपारी पापड भाजताना छातीत अशी धडधड सुरू झाली, की चिमटा हातातून गळून पडला. घाम फुटला, हातापायांना मुंग्या आल्या आणि डोक्यात एकच विचार आला: आत्ता मी इथे पडले, तर हे ऑफिसातून येईपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही. चाळीत मला नुसती शिंक आली तरी तीन दारांतून "काय गं, सर्दी झाली?" असं विचारणं व्हायचं. इथे पापडाचा कोळसा झाला तरी कुणी विचारलं नाही.

आमचे डॉक्टर शेख नया नगरात बसायचे. त्यांनी कार्डिओग्राम काढला, तो खालीवर करून पाहिला आणि म्हणाले, "भाभीजी, दिल एकदम फर्स्ट क्लास है."

"तो फिर धडधडता क्यूं है?"

"फिक्र से. ये गोली सुबह-शाम लेना. थोडी नींद आयेगी, घबराना नहीं."

घाबरट माणसाला 'घाबरू नका' सांगितलं, की तो आधी कशाला घाबरायचं नाही ते शोधायला लागतो. मला सापडलंही. त्याच रात्री जेवताना मी यांना म्हटलं, "अहो, या गोळीनं मला झोप येते. मग हृदयालाही आली तर?"

"हृदय काय वॉचमन आहे, ड्युटीवर झोपायला?"

"आपला वॉचमन झोपतोच की!"

यावर यांनी पेपर तोंडासमोर धरला. तेव्हापासून माझी दोन बोटं कायम मनगटावर. एका हातानं कांदा चिरता येत नाही, म्हणून कांदा बाजूला ठेवून मी नाडी बघायची. आधी हृदयाची काळजी होती, म्हणून गोळी. आता गोळीची काळजी, म्हणून हृदय! हे सगळं बघून हे हसायचे. मला मात्र खरंच भीती वाटायची, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळायचं नाही.

लालबागला माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मनाला कसली गोळी? आमच्या आईला सात मुलं. तिला मन असायला वेळ तरी होता का? हे बघ, चाळीत कुणापाशी बोलू नकोस. मी हार्टचं आहे म्हणून सांगते." अशी मी चाळीपुरती हार्ट पेशंट झाले. हार्टला मान असतो. मनाला नसतो.

शेवटी मी माझ्यापुरता इलाज काढला. दुपारभर घराचं दार सताड उघडं ठेवायचं! मेलेच तर जाता-येता कुणाच्या तरी नजरेला पडेन. पहिल्याच दिवशी उत्तनची फिलूमावशी मासळीची पाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात आली आणि ओरडली, "दार उगडं टाकून निजलीस, बाय? मांजर बांगडं न्हेल ना!" समोरच्या कोकिळाबेन मात्र दारातूनच बघायच्या आणि विचारायच्या, "भाभी, सब ठीक छे ने?" मी आतून मान हलवायची. अजून तेवढीच ओळख होती. आमच्या मजल्यावर माझ्याबद्दल काय बोलणं होत असेल ते मला माहीत होतं, पण भीतीपुढे लाज किती टिकणार?

तर तो बुधवार. तिन्हीसांजा झाल्या आणि नेहमीप्रमाणे लाईट गेले. मी पणती लावली. तेवढ्यात छातीत धडधड सुरू झाली. संध्याकाळची गोळी घेतली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, धडधडलं की आडवं व्हायचं आणि सावकाश श्वास घ्यायचा. पंखा बंद, गादी गरम, म्हणून बाहेरच्या खोलीत, उघड्या दारासमोर, गार फरशीवर आडवी झाले. वारा गॅलरीकडून येत होता, म्हणून पाय गॅलरीकडे केले. काळोखात कुणी माझ्यावर पाय देऊ नये म्हणून पणती डोक्याशी ठेवली. आणि खाडीकडचे डास! ते तर लाईट जायचीच वाट बघत असतात. म्हणून पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं, हे मी आजही कुणालाही पटवून देऊ शकते. फक्त आमची गॅलरी दक्षिणेला आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मला गाढ झोप लागली. पुढचं मी नंतर गोळा केलेलं आहे.

कोकिळाबेननी दारातून हाक मारली, "भाभी?" उत्तर नाही. त्या किंकाळी फोडून खाली धावल्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी सावंत यांना घेऊन आल्या. सावंत भाऊजी शहाणे माणूस. त्यांनी उंबऱ्यातूनच पाहिलं. देह जमिनीवर, पाय दक्षिणेला, उशाशी दिवा, तोंडावर पांढरं वस्त्र. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "सगळं रीतसर केलंय. म्हणजे डॉक्टर येऊन गेलेले दिसतात. वहिनींचे मिस्टर बाकीच्या तयारीला गेले असणार."

आता मला सांगा, इतकं रीतसर केलेल्या प्रेताची नाडी कोण बघणार? महिनाभर मी उठता-बसता नाडी बघत होते. जेव्हा खरी गरज होती, तेव्हा ती कुणीच पाहिली नाही!

इमारतीत एकच फोन, तोही सावंतांचा. त्यांनी लालबागला चाळीखालच्या वाण्याकडे निरोप दिला, "वहिनी गेल्या." चाळीत कुणी 'कशानं' असंही विचारलं नाही. हार्ट होतंच. इकडे चारही मजले आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले. कोकिळाबेन रडत म्हणत होत्या, "रोज दरवाजा खुल्ला रखती थी बिचारी. मैं एक बार भी अंदर आके बैठी नहीं." आणि सावंतांच्या आई, वय ऐंशीच्या घरातलं, चाली-रीतींना एकदम पक्क्या, पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या. मयताच्या घरातलं शिजवलेलं, भिजवलेलं काही ठेवायचं नसतं. त्यांनी आधी माझी मटकी कचऱ्यात टाकली. मग त्यांनी पाण्याच्या पिंपाला हात घातला.

त्या वर्षी मीरा रोडला पाणी दिवसाआड यायचं, आलं तर. बाकी सगळा टँकर आणि चार मजले बादल्या. रडण्याचे आवाज माझ्या झोपेत शिरले नव्हते. कोकिळाबेनची किंकाळीसुद्धा शिरली नव्हती. पण भरलेल्या पिंपातलं पाणी मोरीत भडाभडा ओतल्याचा आवाज! तो ऐकून मीरा रोडचं कुठलं प्रेत आडवं राहील?

मी चादरीसकट ताडकन उठून बसले आणि ओरडले, "पाणी कोण ओततंय गं!"

पुढचं अर्धं मिनिट काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण चादर माझ्या तोंडावर होती. ती काढली तेव्हा खोली रिकामी होती. जिन्यात चपलांचा खच पडला होता. सावंत भाऊजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मोरीतून त्यांच्या आईंनी तेवढ्यात शांतपणे विचारलं, "काय रे, उठली का? मग उरलेलं पाणी ठेवू?"

तेवढ्यात हे आले. खाली फाटकापाशी कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवून "धीर धरा" म्हटलं होतं. पुढचं काही न ऐकता ते चार मजले धावत चढले. दारात आले, मला पाहिलं आणि तसेच आत येऊन माझ्यासमोर फरशीवर बसले. चारचौघांत माझ्याकडे कधी नीट न बघणाऱ्या या माणसानं जिन्यातून डोकावणाऱ्या सगळ्या सोसायटीसमोर माझं मनगट धरलं. नाडीवर बोटं ठेवून बसून राहिले. सोडेचनात.

"अहो, ठीक आहे मी."

"गप्प बस. मोजतोय."

मला वाटतं, मी महिनाभर काय म्हणत होते ते त्यांना त्या दिवशी कळलं.

डॉक्टर शेख यांना बोलावलं. त्यांनी मला तपासलं, मग कोकिळाबेनना, मग सावंतांना, मग यांना. आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "पूरी बिल्डिंग में सिर्फ भाभीजी की पल्स नॉर्मल है!"

रात्री नऊच्या सुमारास वन्सं आल्या, मागे अर्धी चाळ. दोन वर्षांत यातलं एकही माणूस माझ्या घरी आलं नव्हतं. मीरा रोड त्यांना गुजरातेत वाटायचं. दार मीच उघडलं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर दोन सणसणीत रट्टे घातले आणि मग गळ्यात पडून अशा रडल्या, की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. (उरलेल्यातलं.) थोड्या वेळानं हळूच कानाशी म्हणाल्या, "ती मनाची गोळी चालू ठेव हो. बंद नको करूस." मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी पिठलं-भात आणला होता, कोकिळाबेननी खिचडी-कढी केली. माझ्या मरणाचं जेवण आम्ही सगळे त्याच फरशीवर पंगत मांडून जेवलो. त्या गर्दीत माझ्या हृदयाची मला आठवणही झाली नाही.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात गेले, तर माझ्या आधी सावंत भाऊजी बसलेले. इकडे तिकडे बघून हळूच विचारतात, "वहिनी, ती गोळी जेवणाआधी की जेवणानंतर?"

दार मी अजूनही उघडंच ठेवते. फक्त पाय आता गॅलरीकडे करत नाही. जाणारा-येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातून विचारतो, "वहिनी, आहात ना?" आणि मी असेन तिथून ओरडते, "आहे!" दुपारची झोप कायमची गेली. तरीही एखाद्या दिवशी चार वाजेपर्यंत कुणीच विचारलं नाही, तर मी बेचैन होते, उठते आणि समोरची बेल दाबून सांगते, "कोकिळाबेन, मी आहे हं!"