तीस बायकांची दुखणी

माझ्या हातून एकदा तीस बायकांची दुखणी आपापसात वाटली गेली. त्यांच्यातल्या एकीलाही न विचारता, आणि चार वाजताच्या चहाच्या आधी.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी कोल्हापुरात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो आणि रविवारी घरी एक निराळाच दवाखाना चालवत होतो. एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या सिस्टर प्रबंधाचे आकडे घेऊन यायच्या आणि चप्पल काढता काढताच विचारायच्या, सर, ह्याला कुठली टेस्ट लावू? मला हा प्रश्न फार आवडायचा. जन्मभर वर्गातल्या मागच्या बाकांनी मला काहीही विचारलं नव्हतं. त्यामुळे मी खुर्चीत मागं रेलून, डोळे अर्धे मिटून, एखाद्या जुन्या वैद्यानं नाडी बघावी तसा दोन-तीन प्रश्न विचारायचो. माणसं तीच की वेगळी? मोजलंय की नुसतं होय-नाही विचारलंय? किती जण आहेत? आणि त्या बसायच्या आत टेस्ट लिहून द्यायचो.

औषध कधी कधी चुकायचं. एकीला मी काय-स्क्वेअर दिली आणि ती जिना उतरून गेल्यावर मला आठवलं, की तिच्या तक्त्यातल्या एका चौकोनात फक्त दोन माणसं आहेत आणि तिथं ही टेस्ट चालत नाही. मी गॅलरीतून हाका मारत सुटलो. खालच्या भाजीवाल्याला वाटलं मी त्याला बोलावतोय. तो टोपली घेऊन वर आला, सिस्टर निघून गेली, आणि आम्ही दोन दिवस दोडका खाल्ला.

पण ती तीस बायकांची गोष्ट दोडक्यावर भागली नाही.

त्या सिस्टर शिरोळकडच्या. चाळिशी ओलांडलेल्या, सर्जरीच्या वॉर्डात पंधरा-सोळा वर्षं काढलेल्या. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून वडिलांनी शिकवलं, असं त्या एकदाच म्हणाल्या आणि पुढं लगेच कामाचं बोलू लागल्या. सरकारनं दिलेली अभ्यासाची रजा संपत आली होती. प्रबंध ठरल्या सोमवारी कॉलेजात गेला तर परीक्षेला बसता येणार होतं. नाही तर डिग्रीशिवाय परत वॉर्डात, आणि पुन्हा रजा मिळणार नाही हे त्यांना साहेबांनी आधीच ऐकवलं होतं.

त्यांचा विषय मला फार आवडला होता. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला खोकला आला की टाके ओढतात. सिस्टरांनी पाहिलं होतं, की पोटाशी उशी धरून खोकलं तर बायका कमी कण्हतात. ते खरं आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तीस बायका घेतल्या. प्रत्येकीला एकदा उशीशिवाय खोकायला लावलं, एकदा उशी धरून. आणि दोन्ही वेळी सांगितलं, दोन्ही हात पुढं करा, दुखतंय तेवढी बोटं दाखवा. इचलकरंजीची एक बाई, नवऱ्याबरोबर यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेली, बोटं दाखवायची आणि वर आकडा एवढ्या मोठ्यानं सांगायची की पलीकडचा वॉर्ड उठून बसायचा. हे सगळं सिस्टरांनी शंभर पानी वहीत उतरवलं होतं, बाईला क्रमांक देऊन, नाव न लिहिता.

टेस्ट मी बहुतेक बरोबर निवडली, हे इथं मुद्दाम सांगतो, कारण माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे. मी त्यांना समजावलं, की इथं एका बाईची दुसरीशी तुलना नाही. एकीला मुंगी चावली तरी दहा बोटं, दुसरी दात आवळून तीनच दाखवणार. म्हणून प्रत्येकीची तुलना तिच्या स्वतःशीच करायची. जोडी मोडायची नाही. पेअर्ड टी-टेस्ट. सिस्टर म्हणाल्या, आत्ता कळलं. मीही स्वतःवर खूष झालो.

आणि मग कॉम्प्युटरसमोर बसून मी सगळ्या जोड्या मोडल्या.

झालं असं, की मला ओळीत लागलेले आकडे आवडतात. कॉम्प्युटर घरी येऊन वर्ष झालं होतं आणि लहान-मोठा क्रम लावायची त्याची कळ मला नुकतीच सापडली होती. मी पहिल्या खोकल्याचा रकाना निवडला आणि कळ दाबली. यंत्रानं विचारलं, शेजारचा रकानाही बरोबर हलवू का? माझ्याइतकीच अक्कल त्यालाही असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं, म्हणून मी नको म्हटलं. मग दुसऱ्या रकान्याला तेच केलं. आता एकीच्या पहिल्या खोकल्याशेजारी भलतीचाच दुसरा खोकला येऊन बसला. सगळ्यात सोशिक बाईशेजारी सगळ्यात कमी दुखणारा खोकला, सगळ्यात कण्हणारीशेजारी सगळ्यात मोठा. तक्ता दिसायला कवायतीसारखा.

सरासरी ताडून पाहिली, ती जुळली. जुळणारच की. आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या. मग टेस्ट लावली, तर ओळीत लागल्यामुळे सगळे फरक एकसारखे झालेले, आणि टी एवढा मोठा आला की मी तो दोनदा वाचला. संशयानं नाही, आनंदानं. पी-व्हॅल्यू, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता, तर शून्याला टेकून दिसेनाशी झाली होती. मी चौथं प्रकरण लिहून दिलं आणि त्यात ठासून म्हटलं, की उशीमुळे प्रत्येक स्त्रीची वेदना कमी झाली. गाईड मॅडम घाईत होत्या, आकडे बघून खूष झाल्या. प्रकरण थेट राजारामपुरीतल्या टायपिंगवाल्याकडं गेलं आणि तिथून बाइंडिंगला.

शनिवारी दुपारी सिस्टर आल्या. हातात काळ्या कव्हरचा प्रबंध, वर सोनेरी अक्षरं. मला वाटलं पेढे आणले असतील. त्यांनी चप्पल नीट काढली, बसल्या, शेवटचं पान उघडलं. तिथं तीसही बायकांचे आकडे छापलेला मास्टर चार्ट होता.

“सर, ही सतरा नंबरची बाई,” त्या म्हणाल्या. “चंदगडची. उशी धरल्यावर तिला जास्त दुखलं हुतं. तिनं मला शिवी घातली हाय की. हितं तिचं कमी झालेलं दिसतंय.”

मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, की सिस्टर, संख्याशास्त्रात एकेका बाईकडं बघायचं नसतं, समूहाकडं बघायचं असतं. शिवाय आठवण दगा देते, म्हणून तर आपण लिहून ठेवतो.

त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली.

पहिला क्रमांक जुळला नाही. दुसरा, तिसराही नाही. पाचवा जुळला तेव्हा मी जरा सावरलो, पण तो योगायोग होता. माझी बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. ती शाळेत गणित शिकवायची, तिला दहाव्या क्रमांकालाच कळलं. ती म्हणाली, “अहो, तुम्ही ह्यांना वेगवेगळं ओळीत उभं केलंत. मुलांची प्रगतिपुस्तकं मी अशी लावली असती तर पालकांनी शाळेत येऊन मला धुतलं असतं.”

इथं मी एक गोष्ट केली, ती कबूल करतो. मी हिशेब केला की प्रबंध बांधून झालाय, गाईडची सही झालीय, सोमवारी द्यायचाय. आणि हळूच म्हणालो, की सरासरी तर तीच आहे. निष्कर्षही बहुधा तोच निघेल. परीक्षक काही वही मागत नाहीत.

सिस्टरांनी वही मिटून मांडीवर घेतली. त्यांची रजा, त्यांची परीक्षा, आणि चूक माझी. त्यांनी होय म्हटलं असतं तर मी त्यांना दोष दिला नसता, उलट सुटलोच असतो.

“सरासरी खरी आसंल सर,” त्या म्हणाल्या. “पर बाया खोट्या झाल्या की. मी परत त्याच वॉर्डात जाणार हाय. उशी लागू पडती का न्हाई, मला खरं म्हाईत पायजे.”

रविवारी सकाळी त्या परत आल्या. कॉम्प्युटरला मी हात लावला नाही. बायको वहीतून क्रमांकवार वाचायची, मी फरक मांडायचो, सिस्टर तपासायच्या. बोटांचं माप काही फूटपट्टी नव्हे, चार आणि पाचमधलं अंतर आठ आणि नऊमधल्या अंतराएवढंच असेल याची खात्री नाही. म्हणून पेअर्ड टी बाजूला ठेवून मी दुसरी साधी चाचणी घेतली, ज्यात फरकांना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक देतात आणि अधिक-उणे वेगळं मोजतात. जोडी जपायची ती इथंही जपायचीच. दर चार क्रमांकांनी बायको विचारायची, ही तीच बाई ना? मी मान डोलवायचो.

उशी लागू पडत होती. पी-व्हॅल्यू अजूनही लहान होती, पण दिसेल एवढी. सिस्टरांचा चेहरा उजळला आणि त्या म्हणाल्या, म्हणजे लय फरक पडतो. मी म्हटलं, नाही. पी लहान म्हणजे फरक मोठा नव्हे. असा फरक निव्वळ योगायोगानं दिसणं कठीण, एवढंच ती सांगते. फरक किती, हे बोटांना विचारा. बोटं सांगत होती, साधारण एक बोट. त्या म्हणाल्या, टाक्यावर खोकणाऱ्या बाईला एक बोट पुष्कळ झालं. हे कुठल्याच टेस्टमध्ये येत नाही.

मग त्या उणे चिन्हांकडं बघत बसल्या. चार बायकांना उशीनं जास्त दुखलं होतं. माझ्या सुंदर तक्त्यात त्या चौघी नाहीशाच झाल्या होत्या. सिस्टरांनी वही मागं-पुढं चाळली आणि म्हणाल्या, ह्यातल्या तिघींचे टाके वर हायत, बरगडीच्या खाली. उशी तिथंच रुतत असणार.

मला स्फुरण चढलंच. लिहून टाकू म्हटलं, वरच्या टाक्यांना उशी वाईट. ह्या वेळी नाडी सिस्टरांनी पकडली. वरचे टाके एकूण किती जणींचे, ते मोजा की आधी, म्हणाल्या. मोजले तर सहा. तिघींना वाईट, तिघींना बरं. सहा बायकांवर काही सिद्ध होत नाही. शेवटी एवढंच लिहिलं, की असं आढळलं, पुढं कुणीतरी बघावं.

सोमवारी सकाळी मी स्वतः टायपिंगवाल्याच्या दुकानाबाहेर, शटर उघडायच्या आधी उभा होतो. त्याला वाटलं माझाच प्रबंध आहे, ह्या वयात. मी खुलासा केला नाही. बाइंडिंग उसवलं, चौथं प्रकरण आणि चार्ट नवा घातला. कागद दुसऱ्या गठ्ठ्यातला मिळाला, जरा पिवळसर. बंद केलेल्या प्रबंधात कडेनं बघितलं तरी तो पट्टा दिसायचा. गाईड मॅडमनी नव्यानं सही केली, सिस्टरांना चार शब्द सुनावले आणि पाचला दहा मिनिटं असताना प्रबंध कॉलेजात पोचला.

तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर घरी आल्या. पास झाल्या होत्या. बायकोनं चहा टाकला आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी सुरुवातीलाच पिवळ्या पानांवर बोट ठेवलं होतं. ही पानं नंतर घातलीत का? सिस्टर म्हणाल्या, व्हय, चूक झालती, आकडे परत मांडले. परीक्षक बाईंनी विचारलं, चूक कुणाची?

“आमची, म्हटलं,” सिस्टर म्हणाल्या, आणि बशीत चहा ओतू लागल्या.

मी म्हटलं, अहो, सांगायचं ना, सरांची. त्यांनी मान हलवली. “वही माझी हुती सर. तुम्ही दिलेलं मी न वाचता टायपिंगला दिलं. माझ्या बाया मीच बघायला पायजे हुत्या.” मग परीक्षक बाईंनी त्या चौघींबद्दलच अर्धा तास विचारलं, बाकीच्या सव्वीस जणींकडं ढुंकूनही बघितलं नाही, असं त्या हसत म्हणाल्या.

चहा संपला. त्यांची दुपारची ड्यूटी होती. जाताना दारात थांबून त्यांनी मला सांगितलं, की वॉर्डात वरच्या टाक्यांची एक बाई आली आहे, तिला उशी जरा खाली धरायला लावून बघणार आहे, आणि दोन्ही वेळची बोटं वहीत लिहून ठेवणार आहे. मी विचारलं, मग आकडे माझ्याकडं आणाल का?

“आणते की,” त्या म्हणाल्या. “पर मांडताना मी शेजारी बसणार.”