तळपायाची परीक्षा

फौजेत बावीस वर्षं तोफेजवळ काढली आणि एकाही वैद्यकीय तपासणीत नापास झालो नाही. पूर्वी हे छाती पुढे काढून सांगायचो. आता नुसतं सांगतो.

पास कसा व्हायचो, तेही सांगून टाकतो. तपासणी दरवर्षी असे. शेरा घसरला की बढती लांबायची, म्हणून आमच्या तुकडीत सगळे एकमेकांना सांभाळून घेत. डोळ्यांचा तक्ता पाढ्यांसारखा पाठ होता. माझा डावा कान तोफांनी कधीच बसवला होता. त्या बाजूने डॉक्टर हळू आवाजात आकडा बोलले की समोरच्या रांगेतला जोडीदार मांडीवर बोटं टेकवून तो दाखवायचा. त्याची पाठ गेली होती. त्याची वाकायची वेळ आली की मी मध्येच काहीतरी विचारून डॉक्टरांचं लक्ष वळवायचो. निवृत्तीच्या वेळी तर छापील फॉर्मच होता. हे दुखतं का, ते होतं का. सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहून सही ठोकली. एक जरी ‘हो’ लिहिलं असतं तर तपासण्यांसाठी महिनाभर अडकलो असतो, आणि घरी जायचं तिकीट खिशात होतं.

बेळगावकडच्या गावी करमेना. बंगळुरूला आलो, बनशंकरीत दोन खोल्या घेतल्या आणि कोरमंगलात एका ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. बूट इथेही काळेच. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागे, ते वयामुळे. पाय जड वाटत, ते दिवसभर उभं राहण्यामुळे. बायकोने तीनदा हाक मारली तरी ऐकू येत नसे, ते बायकोमुळे. कारणांना माझ्याकडे तोटा नव्हता.

एका संध्याकाळी कामावरून आलो, बूट-मोजे काढले आणि पाय धुवायला आत गेलो. मागून बायको ओरडली, “अय्यो, हे काय ओ?” दारापासून मोरीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे होते. उजव्या बुटाच्या तळातून खिळा वर आला होता. त्या खिळ्यावर मी दिवसभर उभा होतो, तीन मजले चढउतार केले होते. मला काही कळलं नव्हतं.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात जखम बांधली, रक्त काढलं, कान बघितले. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई एकेक कागद उलटत वाचू लागल्या. साखर. रक्तदाब. मूत्रपिंडावर परिणाम. डाव्या कानाने जवळजवळ काहीच नाही. साखर बरीच वर्षं असावी, असं त्या हिंदीत म्हणाल्या. भीती वाटायला हवी होती. शेजारच्या घरातली हकिकत ऐकावी तसा मी ऐकत होतो. बायको शेजारच्या स्टुलावर पर्स पोटाशी धरून बसली होती.

“पायाला किती कळतंय ते आज नीट बघू,” त्या म्हणाल्या. “कळत नसेल तर पुढची जखमही कळणार नाही. ती चिघळली तर पाय कापावा लागतो. डोळे मिटा. दोरा टेकला की ‘हो’ म्हणा.”

जाड केसासारखा नायलॉनचा दोरा होता. मी डोळे मिटले आणि जुनी सवय जागी झाली. ठरवून नाही. मनात तीन मोजायचे, “हो.” मग पाच मोजायचे, “हो.” मध्येच जरा अडखळायचं, म्हणजे खरं वाटतं. काम चांगलं जमत होतं. मी पाय वाचवायला आलो होतो आणि पायाच्याच नावाने खोटं बोलत होतो. पण त्या क्षणी मला फक्त पास व्हायचं होतं.

“अहो,” बायको म्हणाली. ती उजव्या बाजूला होती, म्हणून ऐकू आलं. “दोरा त्यांनी कवाच टेबलावर ठेवलाय. हो कशाला म्हणताय?”

मी डोळे उघडले. दोरा खरंच टेबलावर होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नव्हत्या. असे हुशार त्यांनी माझ्याआधीही पाहिले असावेत. “खरं सांगा की ओ,” बायको म्हणाली. “त्या पायानं चालायचं हाय न्हवं अजून?”

“पुन्हा करू या,” डॉक्टर म्हणाल्या.

या वेळी मी मोजलं नाही. डोळे मिटून वाट बघत राहिलो. बराच वेळ गेला. एकदाही “हो” म्हणालो नाही. मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. संपलं, हे कळलं, तरी मी तसाच बसून राहिलो.

शेवटी डोळे उघडले तेव्हा स्टूल रिकामं होतं. बायको खाली बसली होती. माझं पट्टी बांधलेलं पाऊल तिने दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. कधीपासून, मला माहीत नाही.