हळदीचा कापूस

जुना कागद हातात आला की भास्करराव तो आधी हुंगत, मग वाचत. नाशिकच्या कोर्टात एखादा मोडी कागद खरा की बनावट, हे सांगायला नव्वदच्या दशकात त्यांनाच बोलावत. एकदा शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून आणलेलं खरेदीखत त्यांनी पिंजऱ्यात उभ्या उभ्या नाकाशी नेलं आणि न्यायाधीशांना सांगितलं, "साहेब, कागद चहात बुडवून जुना केलाय. वेलदोडाही घातलाय. चहा बरा होता."

मी तेव्हा नवखी वकील होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. हरसूलच्या सोमाकाकांच्या भाताच्या जमिनीवर गंगापूर रोडच्या एका शेठजींनी दावा लावला होता. सोमाकाकांकडे आधार एकच, आजोबांच्या नावाचा घडी घातलेला मोडी कागद. तो हळदीने इतका माखलेला, की मलाच लाज वाटली. कोर्टात नीटनेटका दिसावा म्हणून मी ओल्या कापसाने त्याचा एक कोपरा पुसला आणि आम्ही दोघं भास्कररावांकडे गेलो.

त्यांनी कागद हुंगला आणि कपाळाला हात लावला. "वकीलबाई, साक्षीदाराचं तोंड धुतलंत तुम्ही." मग सोमाकाकांना विचारलं, ही हळद कसली?

"दसऱ्याला इळ्या-कोयत्यासंगं पुजतो. आजा पुजायचा, बा पुजायचा. आम्हाला वाचता येत नाय, मग दुसरं काय करणार?"

कागद पिढ्यान्‌पिढ्या याच घरात होता, याचा पुरावा ती हळदच होती. मी म्हटलं, कोपऱ्याचं कोर्टात कशाला सांगायचं?

"लपवलंत तर कागद खोटा ठरेल. सांगितलंत तर फक्त तुम्ही बावळट ठराल. कापूस कुठंय?"

मी तो ऑफिसच्या केराच्या टोपलीतून हुडकून आणला.

समोरच्या वकिलांनी विचारलंच, हा कोपरा एवढा स्वच्छ कसा? भास्कररावांनी कापूस वर धरला. "या वकीलबाईंनी पुसला. नव्या आहेत, सुधारतील." सगळं कोर्ट हसलं. मग त्यांनी घडी उलगडून दाखवली. बाहेर हळदीचे थरावर थर, आत एक ठिपका नाही. "पूजा करणाऱ्यांनी हा कधी उघडलाच नाही, साहेब. खोटा करणारा आतूनही रंगवतो."

जमीन सोमाकाकांकडेच राहिली.

दहा-बारा वर्षांनी भास्करराव गेले. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलीने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत तोच पिवळा कापूस आणि एक चिठ्ठी होती. मी आधी हुंगली, मग वाचली.

"वकीलबाईंचा. धुऊ नये."