आयच्या छातीतला डाग

"हनुवटी वर कर. वर! वर म्हणजे कळतं का तुला?"

असं म्हणून फोटोमास्तरानं काठी आयच्या हनुवटीखाली लावली आणि तिचं तोंड वर ढकललं. वेताची काठी, टोकाला फडकं गुंडाळलेलं. मग तीच काठी खांद्याला. डावा खांदा पुढं. उजवा खांदा पुढं. बैलाला वळवतात तसं तिला वळवलं. आय छातीनं मशीनच्या पत्र्याला चिकटून उभी होती, पाठ आमच्याकडं. तिची वेणी गाडीच्या धक्क्यांनी अर्धी सुटून खांद्यावर आली होती.

मी दहाएक वर्षांची असेन. दाराबाहेर बाचं धोतर धरून उभी होते. आमी टोकावड्याच्या बाजूचे, महार. आयला तीन महिने खोकला होता, म्हणून मुरबाडवरनं बैलगाडीनं शहापूरला आलो होतो. तिथं एका सेठानं धर्मादाय दवाखाना काढला होता. त्यात बिजलीचं मशीन होतं, छातीच्या आतला फोटो काढणारं. मशीन चालवायचा त्याला सगळे फोटोमास्तर म्हणायचे.

डॉक्टरसाहेब हात लावायचे, नाडी बघायचे. खोटं कशाला बोलू? पण मास्तर लावायचा नाय. महार, चांभार, कातकरी, ठाकर कुणी आलं की कोपऱ्यातली काठी निघायची.

आयनं विचारलं, "मास्तर, दुखंल काय वो?"

मास्तर भिंतीकडं बघून म्हणाला, "श्वास धर. हलू नकोस."

बाहेर तेलाचं इंजिन धडधडत होतं. आत खाडकन आवाज झाला. आय दचकली, झालं. मास्तरानं झाडूवालीला हाक मारली, "पुसून घे." आय अजून तिथंच उभी होती, पदर सावरत. तिच्या तोंडासमोर झाडूवालीनं तो पत्रा फिनेलनं पुसला.

दुपारी डॉक्टरसाहेबांनी फोटो खिडकीशी धरला. काळी फिल्म, आत पांढऱ्या फासळ्या. त्यांचं बोट खांद्याच्या वर, पार मानेशी फिरलं. तिथं एक पांढरी रेघ होती. मी ती नीट बघितली. पोर होते, मला गंमत वाटली.

"डाग आहे," साहेब म्हणाले. "क्षय. पोरांपासून लांब ठेवा. अंगावर पाजतेय का? बंद करा."

माझी धाकटी बहीण तेव्हा आठ महिन्यांची. बानं घरी येऊन तिला चुलतीच्या ओटीत दिलं. आयला नाचणीच्या शेताच्या टोकाला खोपट बांधून दिलं. तिचं मडकं वेगळं, घोंगडी वेगळी, वाट वेगळी. बहीण रात्रभर रडायची ते खोपटात ऐकू जायचं. सकाळी आयच्या चोळीला दुधाचे डाग असायचे.

भाकर मी घेऊन जायची. ताटली दगडावर ठेवायची आणि लांब पळायची. कधी दगड आयच्या फार जवळ वाटला, तर मीही काठीनंच ताटली पुढं सरकवायची. कुणी शिकवलं नव्हतं. बघितलं होतं.

आय म्हणायची, "जवळ नको येऊ गो बाय."

मी कसली जाते जवळ!

दिवाळीपर्यंत तिचा खोकला गेला. रक्त कधी पडलंच नव्हतं. ती अंगानं भरली. शेजारच्या शेतात खुरपणीला जाते म्हणाली. बा म्हणाला, फोटोत आलंय ना, मग? फोटो खोटं बोलतो काय? फोटोपुढं कुणाचं काय चालणार. तिचं तोंड, तिचं अंग, तिचा आवाज, सगळं खोटं आणि ती पांढरी रेघ खरी. बहीण चालायला लागली, चुलतीला आय म्हणायला लागली. आय लांबून बघायची आणि खोपटात जायची.

दुसऱ्या पावसाळ्यात तिला फुरसं चावलं. हाक मारली असेल तिनं. आमाला ऐकू आली नाय. सकाळी मी भाकर घेऊन गेले तर ती दारात पडलेली, पाय काळा पडलेला. क्षयानं नाय मेली. एकटी पडली म्हणून मेली. तेव्हा मला हे कळत नव्हतं. मी ताटली दगडावर ठेवली आणि घरी सांगायला गेले.

पुढं माझं लग्न झालं. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. मी शहापूरला मावशीकडं आले. मावशीनं मला काम लावून दिलं. कुठं? त्याच दवाखान्यात. झाडूवाली. फोटोखोलीतला पत्रा आता मी पुसायची. मास्तरच्या काठीचं फडकं मी धुवायची, वाळत घालायची, परत गुंडाळून द्यायची. गाठ घट्ट मारायची, नायतर मास्तर ओरडायचा.

लोक विचारतात, तुला काय वाटायचं तेव्हा? काय नाय वाटायचं. खरंच सांगते. पाय चालायचे, हात चालायचे. काठी कुणाच्या तरी हनुवटीला लागलेली दिसायची आणि मी बादलीतलं पाणी बदलायला जायची. असं तीनएक वर्षं चाललं.

तोवर एक नवा नियम झाला होता. आत आजारी माणूस असताना मी आत जायचं नाय. तो बाहेर आला की जायचं, पुसायचं, निघायचं. मोठ्या घरची बाई आली तर पुसायचंही नाय. तिच्याबरोबर सिस्टर आत जायची. तिला अंगरखा द्यायची, गळ्यातलं काढून घ्यायची, केस वर बांधून द्यायची. "बाई, जरासं गार लागेल हं, घाबरू नका." हे मी दाराआडनं ऐकलेलं. मला वाटायचं मोठ्या माणसांचे लाड असतात, त्यातलं हे. फोटोशी त्याचा काय संबंध असेल, हे डोक्यातच आलं नाय.

लढाईचे दिवस होते. फिल्म मिळायची मारामार. गरिबांना पुढच्या महिन्यात या म्हणून परत पाठवायचे. अशात एकदा सेठच्या घरची सून आली. सिस्टर नेमकी रजेवर. मास्तर एकटा. सेठच्या सुनेला हात लावायची हिंमत नाय आणि केस बांधा म्हणून सांगायला जीभ रेटेना. नुसतं "बाईसाहेब, जरा इकडं, बाईसाहेब, जरा तिकडं." काढला एकदाचा फोटो.

फिल्म धुऊन पडवीत तारेला वाळत लावायचे. मी तिथं फरशी पुसत होते. डॉक्टरसाहेब आले, फिल्म बघून त्यांचा चेहरा पडला.

"अहो, हे वर काय दिसतंय?"

मास्तर हसला. "काही नाही साहेब, वेणी आलीय. ही बघा ना, रेघ मानेपर्यंत गेलीय. फुप्फुस काय मानेत असतं? परत घेतो."

"घ्या, घ्या."

आणि परत घेतला. एवढी फिल्मची टंचाई, तरी घेतला. मावशीच्या शेजारची म्हातारी त्याच आठवड्यात दोनदा परत गेली होती.

मी फडकं हातात घेऊन बसले होते. वर बघितलं. पांढरी रेघ. खांद्याच्या वरनं, पार मानेशी. मी ती आधी बघितली होती.

मी रडले नाय. उरलेली फरशी पुसली. बादली उपडी घातली. घरी जाऊन भाकर खाल्ली. मावशीला म्हणाले, "आयला क्षय नव्हता." मावशी म्हणाली, "आता काय त्याचं!" मी भांडी घासली आणि झोपले. झोप लागली. त्याचीच मला अजून लाज वाटते.

पाच-सहा दिवसांनी, नव्या फिल्मा आल्यावर, डोळखांबकडच्या पाड्यावरनं एक ठाकरीण आली. नाव हिरी. कडेला पोर, अंगावर पिणारं. बरोबर सासू. सासू पडवीत बसून मोठ्यानं सांगत होती, कुणी विचारलेलं नसताना.

"डाग निघाला का पोर मी ठेवनार. हिला देनार माहेरी धाडून. मंग तिकडं कायपन होवं."

हिरीनं पोर सासूकडं दिलं आणि आत गेली. पोरानं लगेच भोकाड पसरलं.

मी दारात होते. हिरीचा अंबाडा सुटला होता. केसांचा जाड पेड खांद्यावरनं खाली आलेला. गळ्यात मण्यांच्या माळा, एकावर एक. मास्तरानं काठी उचलली. हनुवटी वर. खांदा पुढं. केसांकडं त्यानं बघितलंसुद्धा नाय. त्याला माहीत होतं ना! तोच हसत म्हणाला होता, वेणी आलीय. माहीत असून त्याला एक शब्द बोलायचा नव्हता. केस वर बांध. एवढाच शब्द.

मग मी आत गेले.

"ए! बाहेर हो. माणूस आहे आत."

मी म्हणाले, "तिला केस बांधू दे."

"तुला काय कळतंय त्यातलं? मशीन बाटवतेस काय?"

"मशीन रोज मीच पुसते."

त्याच्या हातातली काठी तशीच राहिली. मी हिरीकडं गेले. हात पुढं केला तर तिनं अंग चोरलं. ती ठाकर, मी महार. तिच्या पाड्यावर माझ्या सावलीचाही विटाळ. माझा हात तसाच हवेत राहिला. वाटलं, मर मग, मला काय! वाटलं, हो. लपवत नाय.

पण बाहेर पोर रडत होतं. मी हात खाली घेतला.

"हात लावू का?" मी विचारलं. "नको असंल तर ऱ्हाऊ दे. तूच बांध. मी सांगते तशी. केस सगळे वर घे, डोक्यावर. माळा काढ. फोटोत केस आला तर ते डाग म्हनतात."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. पहिल्यांदा. मग माळा काढायला लागली. एक माळ मागं अडकली, गाठ सुटेना.

"तू काढ," ती म्हणाली.

मी काढली. केस वर घेऊन बांधून दिले. तिची मान घामानं भिजली होती.

"दुखंल काय?"

आयनं विचारलेलं तेच. मी म्हणाले, "नाय. पत्रा गार लागंल. खाडकन आवाज व्हईल, त्याला भ्यायचं नाय. श्वास धर म्हनला की नदीत बुडी मारताना धरतेस तसा धर. मी हितंच उभी हाय."

मास्तर ओरडत बाहेर गेला आणि डॉक्टरसाहेबांना घेऊन आला. साहेबांनी हिरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "आता काढा फोटो. नंतर बघू." मास्तरनं काढला. काठी लागली नाय. हिरी हलली नाय.

फिल्म धुऊन आली. साहेबांनी उजेडाला धरली. "छाती साफ आहे. साधा खोकला. औषध घ्या आणि जा." सासूनं पोर हिरीकडं दिलं. हिरीनं तिथंच पडवीत बसून त्याला पाजलं, पदर झाकून. जाताना माझ्याकडं बघितलं नाय. तिच्या सासूनं मात्र माझ्या हाताकडं बघितलं आणि वाटेत विहिरीवर तिला अंघोळ घातली म्हणे. घालू दे. पोर तिच्याकडं राहिलं.

मग मला आत बोलावलं. मास्तर साहेबांच्या मागं उभा.

"मास्तरांची माफी माग," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाय. "परत असं करणार नाही म्हण. काम राहील तुझं."

मी म्हणाले, "साहेब, माझ्या आयच्या फोटोत वेणी होती."

"कुणाच्या?"

मी सांगितलं. टोकावडं सांगितलं, रेघ सांगितली, खोपट सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, जुन्या फिल्मा ठेवत नाहीत. म्हणाले, आता काही सांगता येणार नाही. म्हणाले, झालं ते झालं. मास्तर खिडकीबाहेर बघत होता. त्याला माझी आय आठवत नव्हती. आठवावी तरी का? त्यानं तिचं तोंड कुठं बघितलं होतं?

"माफी माग," साहेब परत म्हणाले.

"तुमी मागा," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाय. एवढ्या मोठ्या माणसाला मी असं बोलले. तोंडातनं शब्द गेला आणि काय झालं? आभाळ कोसळलं नाय. एवढी वर्षं मी कशाला भीत होते, तेच कळेना. साहेबांनी माफी मागितली नाय. मी मागितली नाय. मला काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन बसले. रस्ता सरकारी आहे. फोटोला आलेली बाई मला लांबूनच कळते. मी उठते, विचारते, हात लावू का? नको म्हणाली तर लांबून सांगते. केस वर. गळ्यातलं काढ. गार लागंल, आवाज व्हईल. कुणी शिव्या देतं. कुणी ऐकतं. मास्तरानं पहारेकऱ्याला सांगून मला दोनदा हुसकलं. सेठचा मुनीम येऊन गेला, म्हणाला, परत कामावर घेतो, पण तोंड बंद ठेव. मी नाय म्हणाले. रानातनं मोळी आणते, विकते, दहाच्या आत इथं येऊन बसते.

मावशी म्हणते, "कवा उठनार तू तिथनं?"

आत जाणाऱ्या बाईला कुणीतरी आधी विचारील, सांगील, मग हातानं धरून उभं करील, त्या दिवशी उठेन. त्याआधी नाय. सेठ येऊ दे, फौजदार येऊ दे. माझ्या आयजवळ मी गेले नाय. दोन वर्षं गेले नाय. आता या फाटकातनं जी बाई आत जाईल, तिच्याजवळ मी जाणार.