वहिनीच्या छातीतली टिकटिक

मंडळी, आज माहेरी सापगावला आलेय. दुपारी जे पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षी माझ्या वहिनीच्या हृदयाची झडप बदलली. रक्त पातळ ठेवायची गोळी ती रोज घेते, पण आता शेतावरही जाते.

आज तिला भेटायला मुरबाडकडचं एक जोडपं आलं. त्यातल्या बाईंना हेच ऑपरेशन सांगितलंय, पण त्या तयार नव्हत्या. "छाती फाडल्यावर मानूस उरतो का?" एवढंच म्हणत होत्या.

वहिनी त्या बाईंना आत घेऊन गेली, मीही मागोमाग गेले. पदर सारून व्रण दाखवला आणि त्यांचं डोकं आपल्या छातीवर टेकवलं. "ऐक गो."

धातूच्या झडपेची टिकटिक मलाही ऐकू येत होती.

"झोपेत बी वाजतं?" बाईंनी विचारलं.

"वाजतं. आधी मला झोप नाय लागायची. आता ऐकत ऐकतच झोपते."

बाईंनी स्वतःहून पुन्हा कान लावून ऐकलं. मग बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "डॉक्टरला सांगा, मी तयार हाय."

वहिनीच्या वेळी तिला असा धीर देणारं कुणीच नव्हतं. ती एकटीच घाबरली आणि एकटीच सावरली.

तुमच्या ओळखीत कुणी यातून बरं झालंय का? इथे लिहा. त्या ताईंना मी फोनवर वाचून दाखवेन.